मोठी मूळ संख्या तपासताना या चुका टाळा

कोपरखैरणेचा पिनकोड ४००७०९. ही मूळ संख्या आहे का, असं नववीतल्या मुलांना विचारून बघा. शेवटी ९, अंकांची बेरीज २०, म्हणजे २, ३, ५ बाद. ७, ११, १३ लावून झाले की बरीच मुलं ‘मूळ’ लिहून मोकळी होतात. पण ६१ × ६५६९ = ४००७०९.

थांबायचं ते वर्गमूळापाशी, त्याआधी नाही. इथे वर्गमूळ ६३३ च्या किंचित वर आहे, म्हणजे ६३१ पर्यंतच्या सगळ्या ११५ मूळ संख्या लावून पाहायची तयारी हवी. त्यापुढे भागत बसू नका. मोठा विभाजक असेल, तर त्याचा लहान जोडीदार आधीच सापडतो.

इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला हेच काम सी भाषेत येतं आणि तिथली चूक जास्त फसवी असते. २१४७४८३६४७ ही संख्या घ्या. २ च्या ३१ व्या घातातून १ वजा केला की ती मिळते. ती मूळ आहे हे गणितज्ञ ऑयलरने १७७२ मध्ये हाताने गणित करून दाखवलं. तिच्या कोणत्याही मूळ विभाजकाला २४८ ने भागलं तर बाकी १ किंवा ६३ च उरायला हवी, हे त्याने आधी सिद्ध केलं, त्यामुळे तपासायच्या संख्या थोड्याच उरल्या. मला हा युक्तिवाद फार सुंदर वाटतो. मुलांना तो जरूर दाखवा.

आता प्रोग्राम. एन म्हणजे तपासायची संख्या, आय म्हणजे एकेक करून लावायचा विभाजक. ‘आय गुणिले आय, एनपेक्षा लहान किंवा समान’ अशी अट असते. ४६३४० चा वर्ग ‘इंट’मध्ये, म्हणजे सीच्या नेहमीच्या पूर्णांक प्रकारात, मावतो. ४६३४१ चा वर्ग २१४७४८८२८१, तो मावत नाही, कारण नेहमीच्या ३२ बिटांच्या इंटची कमाल किंमत नेमकी २१४७४८३६४७ आहे. मग अट खोटी होतच नाही. आय वाढत वाढत एनपर्यंत पोचला, तर एनला एनने भाग जातो आणि उत्तर येतं ‘संयुक्त’! अट ‘आय, एन भागिले आयपेक्षा लहान किंवा समान’ अशी लिहा.

एक्सेलवर तर मोठ्या संख्या तपासूच नका. तिथे १५ अंकांपुढे शून्यं भरली जातात. २३०५८४३००९२१३६९३९५१ ही मूळ संख्या टाकलीत, तर १० ने भाग जाणारी संख्या दिसेल. पायथनमध्ये पूर्णांक कापले जात नाहीत, पण साधा भागाकार दशांशात जातो. तिथे बाकीच काढा.

घातांक मूळ म्हणून २ चा घात वजा १ मूळच, हेही गृहीत धरू नका. ११ व्या घाताला २०४७ = २३ × ८९.

फर्माची कसोटी अशी: एखाद्या पायाचा, समजा २ चा, (एन वजा १) वा घात घ्या, त्याला एनने भागून बाकी १ उरली तर एन पास. ती एकट्या २ वर लावून निकाल देऊ नका. २ चा १० वा घात १०२४ = ३ × ३४१ + १ आणि ३४० ला १० ने भाग जातो, त्यामुळे ३४१ ती कसोटी पार करते, पण ३४१ = ११ × ३१. ५६१ तर आणखी चिवट. तिच्याशी सामाईक विभाजक नसलेला कोणताही पाया घ्या, ती पास होते. त्याऐवजी मिलर-राबिन ही अधिक कडक कसोटी वापरा. २, ३, ५, ७ हे चारच पाये इंटमध्ये मावणाऱ्या प्रत्येक संख्येचा अचूक निकाल देतात.