काख काळी पडलीये आणि डिओ लावला की आग होते? मग आधी हे करा

काख काळी दिसायला लागली की आपण काय करतो, तर घासत सुटतो. स्क्रब, लिंबू, बेकिंग सोडा, जे हाताला लागेल ते. मी पण महिनाभर हेच केलं आणि काख अजून काळी झाली, कारण तिथली कातडी नाजूक असते, तिची आग झाली की बरी होताना ती काळा डाग मागे ठेवते. म्हणून गोरं करायच्या क्रीमच्या मागे नंतर लागा, आधी आग कशाने होतेय ते शोधा.

पहिलं काम, चांगल्या उजेडात आरशासमोर हात वर करा आणि नीट बघा, बोट फिरवून पण बघा. कातडी जाड, मखमलीसारखी लागतेय आणि मानेच्या मागे पण तसंच काळं आहे, तर तो मळ नाही आणि बहुतेक डिओचा पण दोष नाही. याला अकॅन्थोसिस निग्रिकन्स म्हणतात, शरीरात इन्सुलिन नीट काम करत नसलं, वजन वाढलं असलं किंवा पीसीओएस (बायकांमधला हार्मोन्सचा एक त्रास) असला की बऱ्याचदा होतं, तेव्हा डॉक्टरांना दाखवून शुगर तपासून घ्या. लालसर-तपकिरी चट्टा, ठळक कडा, वर बारीक पापुद्रे असं असेल तर इन्फेक्शन असू शकतं, आणि दुखऱ्या गाठी परत परत येत असतील तर घरी प्रयोग करत बसू नका प्लीज.

आता डिओचं. लाली आणि खाज काखेच्या अगदी खोलगट भागात असेल तर डिओवर संशय घ्या. मधला भाग साफ आणि कडेला, जिथे कपडा घासतो तिथेच लाल असेल तर कपडा किंवा त्याचा रंग बघा. ही एक खूण मला आधी माहीत असती तर किती त्रास वाचला असता! आणि ॲलर्जी लगेच उठेल असं नाही, लावल्यावर एक-दोन दिवसांनी पण उठते, त्यामुळे आपण भलत्याच गोष्टीला दोष देतो.

मग 2-3 आठवडे डिओ, रेझर, वॅक्स, स्क्रब सगळं बंद. वासाची काळजी वाटते, कळतं मला, पण दिवसातून दोनदा सौम्य, बिनवासाच्या क्लींझरने धुवा, टिपून कोरडं करा, सैल सुती कपडे घाला, बऱ्यापैकी निभतं. कातडी कोरडी पडली असेल तर साधी पेट्रोलियम जेली पातळ लावा.

आग पूर्ण थांबली की डिओची टेस्ट घ्या. कोपराच्या आतल्या बाजूला छोट्या जागेवर दिवसातून दोनदा, निदान 7 दिवस लावा, काही उठलं तर तिथेच थांबा. नवीन घेताना लेबलवर फ्रेग्रन्स-फ्री बघा, नुसतं अनसेंटेड नको, त्यात वास झाकायला सुगंध घातलेला असू शकतो. नॅचरल लिहिलंय म्हणून पण भुलू नका, बेकिंग सोडा असलेले डिओ बऱ्याच जणांना झोंबतात कारण सोडा अल्कधर्मी आणि आपली कातडी किंचित आम्लधर्मी. शेव्ह केल्या केल्या डिओ लावू नका, रात्री शेव्ह आणि सकाळी डिओ हे बरं. तरी त्रास होतच राहिला तर स्किनच्या डॉक्टरांकडे पॅच टेस्ट होते, पाठीवर पट्ट्या 48 तास ठेवतात आणि काढल्यावर एक-दोन दिवसांनी परत बघतात, नेमकं काय चालत नाही ते त्यातून कळू शकतं.

काळेपणासाठी नियासिनामाइड किंवा अझेलिक ॲसिड असलेली क्रीम चालते पण आग थांबल्यावरच, आणि सुरुवातीला एक दिवसाआड. स्टेरॉइड मिसळलेली क्रीम कुणी सांगितली म्हणून लावत बसू नका, काखेत ती जास्त मुरते, कातडी पातळ होते आणि स्ट्रेच मार्क कायमचे राहतात. डाग फिका व्हायला काही महिने लागतात, आणि रोज आरशात बघून फरक कळत नाही, त्यापेक्षा महिन्यातून एकदा त्याच जागी, त्याच उजेडात फोटो काढून ठेवा.