स्वीट कॉर्न घरी लावताय? एक रांग नको, चौकोनात लावा

घरामागं थोडी जागा आहे, स्वीट कॉर्न लावलं होतं, झाडं छान आली पण कणसात दाणेच भरले नाहीत, असं मला जुळे सोलापूर आणि विजापूर रोडकडच्या ओळखीच्या तिघाचौघांनी सांगितलं. खत बरोबर, पाणी बरोबर, बी पण चांगलं. चूक सगळ्यांची एकच होती, कंपाउंडच्या भिंतीला लागून सरळ एक रांग. पहिल्या वर्षी मीही तेच केलं होतं, बारा झाडं, माझ्या डोक्याच्या वर गेलेली, हिरवीगार, आणि कणीस सोललं तर एका अंगाला दहाबारा दाणे, बाकी नुसतं पांढरं बुरकुंड. आईनं ते कणीस हातात फिरवून फिरवून बघितलं आणि म्हणाली, "अरे, मका कधी असा एकटा लावतात का, शेतात बघ की कसा दाटीनं असतो."

तिचं बरोबर होतं. मक्याचा वर जो तुरा येतो तो नर आणि कणसाच्या तोंडाशी जे रेशमासारखे केस येतात ती मादी. त्यातला एकेक केस आत एकेका दाण्याला जोडलेला असतो, कधी कोवळं कणीस हळूच सोलून बघा, केस धरून खाली गेलं की थेट दाण्यावरच पोचतो. त्या केसावर तुऱ्याचा पराग पडला तरच तो दाणा भरतो, नाही पडला तर तेवढी जागा रिकामी. आणि हे काम मधमाशीचं नाही, वाऱ्याचं आहे. एका रांगेत लावलं की वारा आला आणि सगळा पराग शेजारच्या अंगणात गेला. म्हणून कमीत कमी चार रांगा, प्रत्येक रांगेत चार झाडं, असा चौकोन करायचा. दोन रांगांत दोन फूट आणि दोन झाडांत नऊ-दहा इंच धरा, म्हणजे सोळा झाडांना आठ फूट बाय साडेतीन फूट जागा पुरते. एवढी जागा कुणाच्याही परसात निघते, नुसती लांबट पट्टी सोडून चौकोन आखायचा.

आता कधी लावायचं. आपल्याकडं हे सगळ्यात महत्त्वाचं, कारण तुरा आणि केस यायच्या वेळेला चाळीसच्या आसपास ऊन असलं की पराग वाळून जातो आणि केसही सुकतात, मग कितीही पाणी घाला. पेरल्यापासून तुरा साधारण ४५ ते ५० दिवसांनी येतो, म्हणून उलटं मोजायचं. फेब्रुवारीत पेरलं तर तुरा एप्रिलच्या उन्हात सापडतो, ते नकोच. मृगाचा किंवा आर्द्राचा एक चांगला पाऊस झाला की जूनअखेरीला पेरा, सप्टेंबरच्या मध्यापर्यंत कणसं हातात येतात. दुसरी वेळ दसऱ्याच्या आसपास, थंडीत वाढ जरा हळू होते पण जानेवारीत सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या यात्रेच्या आगंमागं कणसं तयार होतात, आणि मला विचाराल तर हीच चव जास्त गोड लागते.

बी दुकानातून हायब्रीडच आणा, शुगर ७५ सारखं वाण आपल्याकडं सहज मिळतं. पाकीट फोडलं की दाणा सुरकुतलेला, चपटा, वाळक्या मनुकेसारखा दिसेल, खराब आहे समजून परत करू नका. दाण्यात साखर जास्त आणि पिठूळपणा कमी म्हणून तो वाळल्यावर असा आकसतो. पण त्यामुळंच त्याच्यात ताकद कमी असते, म्हणून साध्या मक्यासारखं खोल टोकायचं नाही, बोटाच्या एका पेराएवढंच, इंचभर. बियाला औषध लावलेलं असतं, रंगावरून कळतं, तेव्हा पोरांच्या हातात देऊ नका आणि टोकून झालं की हात साबणानं धुवा. एका जागी दोन बिया टाका, पाच-सात दिवसांत उगवलं आणि वीतभर झालं की कमजोर झाड कात्रीनं कापा, उपटू नका, शेजारच्याची मुळं हलतात.

आपली काळी माती पाणी धरून ठेवते, ती या पिकाला चांगली पण तळं साचलं तर मुळं गुदमरतात, त्यात आपल्याकडं पावसाचा खरा जोर सप्टेंबरात. म्हणून सपाट वाफा नको, वरंबा करून त्यावर लावा. लावायच्या आधी दोन-तीन पाट्या कुजलेलं शेणखत मिसळा. मका लई खादाड पीक आहे. युरिया घालणार असाल तर एका चौरस मीटरला सगळा मिळून २५ ग्रॅम, तो पण तीन हप्त्यांत, थोडा पेरताना, थोडा महिन्यानं, आणि उरलेला तुरा निघायच्या आधी, देताना बुंध्यापासून चार बोटं लांब आणि मागोमाग पाणी. चुनखडीच्या जमिनीत कोवळ्या पानांवर पांढरट पट्टे दिसले तर जस्त कमी पडलंय, पुढच्या वेळी पेरताना शेणखतात थोडं झिंक सल्फेट मिसळा, चौरस मीटरला दोन ग्रॅम बास.

महिन्याच्या आसपास खुरपून झालं की बुंध्याला मातीची भर लावा. खालच्या पेरातून जाड मुळ्या सुटतात, त्या मातीत गेल्या की झाड वाऱ्यात लोळत नाही. बाजूनं फुटवे आले तर राहू द्या, काढून काही जास्त मिळत नाही.

पाण्याचं म्हणाल तर आपल्या नळाला रोज पाणी नसतं हे माहितीच आहे, म्हणून उसाचं पाचट किंवा वाळका पाला बुडाशी पसरा, ओल दोन दिवस जास्त टिकते. पण एक गोष्ट लक्षात ठेवा, बाकी कधी एखादा दिवस चुकला तरी चालेल, तुरा निघाल्यापासून केस वाळेपर्यंतच्या पंधरावीस दिवसांत ताण पडता कामा नये. टाकीत साठवलेलं पाणी या दिवसांसाठी राखून ठेवा.

लष्करी अळी तर येणारच, धरूनच चाला. ती २०१८ साली कर्नाटकात पहिल्यांदा सापडली आणि त्याच वर्षी आपल्या जिल्ह्यातही आली. रोज सकाळी पोंग्यात, म्हणजे शेंड्याच्या गुंडाळलेल्या कोवळ्या पानांत, बघायची सवय लावा. पानावर बारीक भोकं आणि पोंग्यात लाकडाच्या भुशासारखी ओली घाण दिसली की आत अळी बसलेलीच आहे, डोक्यावर उलटा इंग्रजी वाय आणि शेपटाकडं चौकोनात चार ठिपके. सोळा झाडं असतील तर औषधाची गरजच नाही, काडीनं बाहेर काढा आणि साबणाच्या पाण्यात टाका. पोंग्यात चिमूटभर बारीक वाळू टाकली तरी फरक पडतो, आणि आठवड्यातून एकदा पाच टक्के निंबोळी अर्क संध्याकाळी पोंग्यात जाईल असा फवारा.

तुरा मोकळा झाला आणि केस बाहेर आले की तुम्ही वाऱ्याला मदत करू शकता. सकाळी आठ-नऊच्या सुमाराला दव वाळलं की तुऱ्याखाली कागदाची पिशवी धरा, हलक्या हातानं झटका, पिवळी धूळ पडेल, तीच लगेच शेजारच्या झाडांच्या केसांवर भुरभुरा. चार-पाच दिवस रोज करा. मागच्या वेळी मी आठ झाडांना हे केलं आणि आठ तशीच सोडली, केलेली कणसं टोकापर्यंत भरली होती. हा, जवळपास कुणी गुरांसाठी चाऱ्याचा मका लावला असेल तर पेरणी तीन आठवडे पुढंमागं करा, कारण त्याचा पराग तुमच्या केसांवर पडला की तेवढे दाणे पिठूळ निघतात, गोडवा जातो.

केस आल्यापासून अठरा ते बावीस दिवसांनी कणीस बघायला लागा. केस तपकिरी वाळलेले, हाताला टोकापर्यंत भरलेलं लागतं. वरचा पाला थोडा बाजूला करा आणि दाण्यात नख रोवा. पाण्यासारखं निघालं तर थांबा, दुधासारखं पांढरं उडालं तर आजच काढा, आणि घट्ट पिठासारखं लागलं तर उशीर झाला. हुरडा ओळखणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. या दिवसांत पोपट आणि खारी टपलेल्याच असतात, केस वाळले की कणसावर कागदाची पिशवी बांधा.

तोडायचं ते सकाळी, आणि तोडलं की गॅसवर पाणी ठेवा, कारण तोडल्यापासून गोडवा कमी व्हायला लागतो आणि आपल्या गर्मीत तर तो भराभर जातो. पाच मिनिटं उकळा, वरून थोडं तूप आणि आपली शेंगाचटणी चोळा. राहिलेली कणसं लगेच फ्रिजमध्ये. बी मात्र घरचं धरू नका, हायब्रीड आहे, पुढच्या वर्षी तसं येत नाही. धाटं हिरवी असतानाच कुणाच्या तरी म्हशीला द्या, आणि त्या जागेवर लगेच परत मका न लावता मेथी किंवा हरभरा टाका.