चढाईच्या नकाशावर डिझेलचा हिशेब कसा मांडावा

नागपुरातल्या आमच्या युद्धइतिहासाच्या वर्गात नकाशा पसरला की मुले आधी रणगाड्यांचे बाण ओढतात. मी मात्र त्यांना आधी टँकरच्या फेऱ्या मोजायला लावतो, कारण चढाई कुठे अडणार हे बहुधा तिथेच कळते.

आपल्या पायाखालचा नागपूर-अमरावती हा सुमारे १५० किलोमीटरचा रस्ता घ्या. टी-७२ रणगाड्याच्या टाक्यांत १,२०० लिटर डिझेल मावते आणि पक्क्या रस्त्यावर ते सुमारे ४६० किलोमीटर पुरते, म्हणजे किलोमीटरला २.६ लिटर. ४५ रणगाड्यांच्या रेजिमेंटला साडेसतरा हजार लिटर झाले. पण काळ्या मातीची वावरे, नाल्यांचे वळसे आणि इंजिन चालू ठेवून थांबणे लक्षात घेता दीडपट, म्हणजे २६ हजार धरावे. त्यावर पाचवा हिस्सा राखीव ठेवला की साडेएकतीस हजारांच्या वर जाते.

१२,००० लिटरचे तीन टँकर पुरले, असे इथे वाटते, आणि इथेच हिशेब फसतो. जाऊन-येऊन ३०० किलोमीटर, ताफ्याचा वेग ताशी २५ धरला तरी १२ तास, शिवाय भरणे-रिकामे करणे. टँकरचा दिवस संपला. रेजिमेंट अकोल्याला पोचली की फेरी ५०० किलोमीटरची होते, दोन दिवस खाते आणि रोज तेवढेच डिझेल पोचवायला टँकर दुप्पट लागतात. दुसऱ्या महायुद्धात, ऑगस्ट १९४४ अखेरीस अमेरिकी जनरल पॅटनचे तिसरे सैन्य फ्रान्समधल्या म्यूज नदीजवळ अडले ते याच कारणाने: इंधन मागे नॉर्मंडीच्या किनारपट्टीत होते, वाहतूक अपुरी होती. २५ ऑगस्टपासून चाललेल्या ‘रेड बॉल एक्स्प्रेस’ या रसद पोचवणाऱ्या ट्रकताफ्याला ऐन भरात जवळपास ६,००० वाहने लागली.

म्हणून जवळपास मध्यावर, कारंजा घाडग्याच्या आसपास, आडोशाला साठा उभारावा आणि फेऱ्या दोन टप्प्यांत तोडाव्यात.

शेवटचा टप्पा हाताचा असतो. पावसाळी वावरात टँकर रुततो. मग २० लिटरचे जेरीकॅन उचलावे लागतात, एका रिकाम्या रणगाड्याला ६०, आणि भरलेला प्रत्येक कॅन सुमारे २० किलोचा. उन्हाळ्यात मात्र टाकी काठोकाठ भरू नये: १५ अंशांवर भरलेले १,२०० लिटर डिझेल ४५ अंशांना ३० लिटरने फुगते.