बियांपासून फुलझाडं: ठाणे-नवी मुंबईच्या बाल्कनीत या चुका टाळा

बी उगवलं नाही की दोष पाकिटाला जातो. आधी कुंडीतली माती हलकेच उकरून पाहा. बी अजून टणक असेल तर थांबा. बोटाने दाबल्यावर पिचकलं, तर ते जास्त पाण्याने कुजलंय. सापडतच नसेल तर बहुतेक मुंग्यांनी नेलं.

आपल्याकडे बी कुजण्याचंच प्रमाण जास्त, कारण जुलैच्या दमट हवेत माती वाळतच नाही आणि तरी आपण सवयीने रोज सकाळी मगभर पाणी ओततो. उगवलेली रोपंही याच पाण्याने जातात: आज ताठ उभी, उद्या मातीलगत बारीक होऊन आडवी. ही बुरशीची मर. आडवं झालेलं रोप वाचत नाही, उरलेल्यांसाठी मात्र करण्यासारखं आहे. दाट रोपं विरळ करा, ट्रे वारा लागेल तिथे ठेवा आणि वरची माती सुकल्याशिवाय पाणी देऊ नका. पुढच्या वेळी पेरताना मातीत ट्रायकोडर्मा (रोगट बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) पावडर मिसळा. नर्सरीतली नुसती लाल माती वापरू नका, पावसाने ती थापून घट्ट होते. दोन भाग धुतलेलं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि एक भाग गांडूळखत पुरे.

दुसरी मोठी चूक वेळेची. हिवाळी फुलं ऑक्टोबरात पेरा, हा सल्ला पुण्या-नाशिकला ठीक. घोडबंदरला किंवा नेरुळला तेव्हा ऑक्टोबर हीट असते आणि पिटुनियाची इवलीशी रोपं त्यात करपतात. रात्री जरा गार होऊ लागल्या की पेरा. पिटुनियाचं बी मातीने झाकायचं नाही, त्याला उगवायला उजेड लागतो. भुकटीसारखं बारीक असतं, म्हणून कोरड्या रेतीत मिसळून भुरभुरा आणि स्प्रेने पाणी द्या. पॅन्सी हे थंड हवेचं फूल, तिचा हट्ट मात्र इथे सोडलेला बरा.

झेंडू, तेरडा, कॉसमॉस पावसाळ्यात सोपे. दसऱ्याला घरचा झेंडू हवा असेल तर अडीच-तीन महिने आधी पेरा. गेल्या दसऱ्याच्या तोरणातली फुलं चुरडून पेरणारे बरेच असतात. तोरणाची फुलं ताजी असतानाच तोडलेली, त्यामुळे त्यांतलं बरंच बी अपक्व राहतं. झेंडूचं बी काडीसारखं असतं; काळ्या, भरीव काड्या तेवढ्या निवडा, फिक्या पोकळ टाकून द्या. गोकर्णाचं बी कडक कवचाचं, रात्रभर भिजवा.

रोपं उंच, बारीक आणि एका बाजूला कललेली दिसली तर ऊन कमी पडतंय. समोरच्या टॉवरची सावली कधी येते ते पाहून जागा बदला. खिडकीच्या ग्रिलमध्ये एकदम दुपारच्या उन्हात मात्र ठेवू नका. आठवडाभर थोडं थोडं ऊन वाढवा. चार खरी पानं (उगवताना येणारी पहिली दोन बीजपानं सोडून) आली की मोठ्या कुंडीत हलवा. सूर्यफुलाला हलवलेलं आवडत नाही, ते थेट कुंडीतच पेरा. झाड हिरवंगार पण कळीच नाही, असं असेल तर युरिया किंवा शेणखताचा मारा थांबवा.

कबुतरांचा त्रास तर सगळ्यांनाच. कोवळी रोपं जाळीखाली ठेवा, सीडी टांगून ती फसत नाहीत. उरलेलं बी कागदात गुंडाळून घट्ट झाकणाच्या बरणीत, सिलिका जेलच्या पुडीसह फ्रिजमध्ये ठेवा. स्वयंपाकघराच्या कपाटात ते एका पावसाळ्यातच सर्द होतं.