घराचं इन्स्पेक्शन झाल्यावर विक्रेत्याकडे रिपेअर मागताना या चुका टाळा

रिपोर्ट हातात पडला की लोक तो अख्खाच्या अख्खा विक्रेत्याला फॉरवर्ड करतात आणि खाली लिहितात, हे सगळं करून द्या. कृपा करून असं करू नका. इन्स्पेक्टरचं कामच सगळं लिहायचं, त्यात सैल बिजागरी पण येते आणि काळी पडलेली वायर पण. एवढी लांब यादी बघून समोरचा वैतागतो आणि महत्त्वाचं तेच राहून जातं. मी रिपोर्टवर पाणी, वीज, छप्पर, पाया आणि वाळवी एवढ्यालाच गोल करते. नळाचे वॉशर तुमचे तुम्ही बदला.

पण सगळ्यात डोक्यात जाणारी चूक म्हणजे मोठं काम विक्रेत्यावर सोडणं. तो घर सोडून चाललाय, त्याला काम उरकायचंय. माझ्या ओळखीतल्या एका जोडप्याने घेतलेल्या घरात बाथरूमला लागून असलेल्या भिंतीला ओल होती, विक्रेता म्हणाला करून देतो. हे परत बघायला गेले तर भिंत कोरी करकरीत, रंगाचा वास येतोय, दोघं खूश. राहायला गेल्यावर थोड्याच दिवसांत रंगाला फुगे आले, मग पापुद्रे सुटले आणि खाली कडेला पांढरा खार फुटला. आतला पाइप गळतच होता, टाइलला कुणी हातच लावला नव्हता! गळती बंद करून भिंत पूर्ण वाळू दिल्याशिवाय रंग टिकत नाही, हे कुठलाही रंगारी सांगेल. आणि कागदावर काय होतं तर "भिंत दुरुस्त करून देणे", म्हणजे भांडायलाही जागा नाही. टाइल फोडून पाइप बदलायचा खर्च यांच्याच माथी.

म्हणून मी दोन कॉन्ट्रॅक्टरकडून लेखी एस्टिमेट घेते आणि तेवढी किंमत कमी करा म्हणते, काम नंतर आपल्या माणसाकडून. कर्ज असेल तर हे आधी बँकेला विचारा, त्यांचे नियम असतात. विक्रेताच करणार असेल तर बिघाडाचं कारण, काम कोण करणार, बिल आणि वॉरंटी सगळं करारात लिहून घ्या आणि पैसे द्यायच्या आधी त्याच इन्स्पेक्टरला परत न्या. त्याची फी वाचवायला बघणाऱ्यांचं मला खरंच कळत नाही.

तोंडी "हो हो, करतो"वर जाऊ नका.

रिपेअर मागायच्या मुदतीची तारीख करारात बघून ठेवा, ती उलटली की मागायचा हक्कही जाऊ शकतो.

आणि एस्टिमेट यायच्या आत घाईघाईने आकडा बोलू नका, नंतर तो वाढवून मिळत नाही.