जुन्या संगणकावर लॉगऑन स्क्रिप्ट चालत नसेल तर काय करावे

सकाळी पासवर्ड टाकून आत गेल्यावर नेहमीचा झेड ड्राइव्ह दिसत नाही आणि सामायिक प्रिंटरही जोडलेला नसतो. ही लॉगऑन स्क्रिप्ट, म्हणजे लॉगऑन होताच ड्राइव्ह आणि प्रिंटर आपोआप जोडणारी आज्ञांची फाइल, न चालल्याची लक्षणे आहेत. अशा वेळी लगेच स्क्रिप्टमध्ये बदल करू नयेत. त्याच वापरकर्त्याची तीच स्क्रिप्ट शेजारच्या संगणकावर चालत असेल, तर दोष बहुधा या संगणकाच्या सर्व्हरपर्यंत पोहोचण्यात असतो.

सर्वप्रथम तारीख आणि वेळ पाहावी. नागपुरात अनेक कार्यालये संध्याकाळी मेन स्विच बंद करून निघतात आणि उन्हाळ्यात ही खबरदारी योग्यच आहे. मात्र संगणकाला वीज मिळत असेपर्यंत मदरबोर्डवरील घड्याळाला सेलची गरज पडत नाही. मेन बंद झाला की सारा भार नाण्याच्या आकाराच्या 3 व्होल्टच्या सीआर2032 सेलवर येतो आणि जुन्या संगणकात तो संपत आलेला असतो. सर्व्हर आणि संगणक यांच्या वेळेत 5 मिनिटांपेक्षा अधिक तफावत पडली, तर कर्बेरॉस ही ओळख पडताळणारी पद्धत विनंती नाकारू शकते. म्हणून वेळ दुरुस्त करावी, प्लग काढून सेल बदलावा आणि पुन्हा लॉगऑन करावे.

त्यानंतर ‘रन’ चौकटीत सर्व्हरच्या नावाने नेटलॉगऑन फोल्डर उघडून पाहावे. ते उघडत नसेल तर ‘आयपीकॉन्फिग ऑल’ ही आज्ञा देऊन डीएनएसचा, म्हणजे नावावरून संगणकाचा पत्ता शोधून देणाऱ्या सर्व्हरचा, पत्ता तपासावा. तो कार्यालयाच्या डोमेन सर्व्हरचाच, म्हणजे कार्यालयातील वापरकर्ते आणि संगणक सांभाळणाऱ्या सर्व्हरचाच हवा. तेथे कोणी 8.8.8.8 हा गूगलच्या सार्वजनिक डीएनएसचा पत्ता लिहून ठेवला असेल, तर इंटरनेट उत्तम चालते, पण डोमेन सापडत नाही. इंटरनेट चालते म्हणजे नेटवर्क ठीक आहे, या समजुतीपायी पुष्कळ वेळ वाया जातो.

फोल्डर उघडते, तरी स्क्रिप्ट कधी चालते आणि कधी नाही, असे होत असेल, तर नेटवर्क तयार होण्याआधीच लॉगऑन होत असावे. विंडोज एक्सपीपासून ही घाई मुळातच योजलेली आहे. गट धोरणात (ग्रुप पॉलिसी, म्हणजे डोमेनमधील संगणकांना एकत्रित लागू होणाऱ्या सेटिंगमध्ये) ‘ऑलवेज वेट फॉर द नेटवर्क’ हा पर्याय सुरू करावा. विंडोज 8.1 पासून गट धोरणातील लॉगऑन स्क्रिप्ट मुळातच 5 मिनिटे उशिराने सुरू होते. त्यामुळे तेवढे थांबूनच निष्कर्ष काढावा.

एक्सपी संगणक नव्या सर्व्हरशी जोडला जात नसेल, तर कारण एसएमबी 1 असू शकते. एक्सपीला फाइल देवाणघेवाणीची तेवढीच पद्धत येते आणि नव्या सर्व्हरांवर ती बंद असते. ती पुन्हा सुरू करणे साऱ्या कार्यालयासाठी धोक्याचे आहे. एक्सपीला मायक्रोसॉफ्टकडून मिळणारे साहाय्य 8 एप्रिल 2014 रोजीच संपले असल्याने तो संगणक बदलावा.

एवढे करूनही अडचण सुटली नाही, तरच स्क्रिप्टकडे वळावे. साध्या कमांड खिडकीतून ती हाताने चालवावी. ॲडमिनिस्ट्रेटर म्हणून चालवल्यास जोडलेले ड्राइव्ह नेहमीच्या खिडकीत दिसत नाहीत. त्रुटी 53 आली, तर सर्व्हरचा मार्ग सापडलेला नाही. त्रुटी 85 म्हणजे ते ड्राइव्ह-अक्षर आधीच वापरात आहे. अशा वेळी ‘नेट यूज’ आज्ञेने जुनी जोडणी काढून स्क्रिप्ट पुन्हा चालवावी.