शेवटचे दहा मीटर: कॅश जवळ असूनही सापडत नाही तेव्हा काय करायचं

जिओकॅशिंग म्हणजे कोणीतरी लपवलेली डबी, तिलाच कॅश म्हणतात, जीपीएसच्या मदतीने शोधून आतल्या कागदावर सही करायचा खेळ. तो नवीन सुरू केलेल्या जवळपास प्रत्येकाची अडचण एकच असते, ॲप म्हणतं 3 मीटर राहिले, दोन पावलं टाकली की म्हणतं 8 मीटर आणि तेही उलट्या बाजूला, सुई गरगर फिरतेय आणि डबी काही दिसत नाही. मी स्टुटगार्टजवळ राहतो, इथल्या जंगलांत भरपूर कॅश आहेत, तरी पहिल्या वर्षी मी कितीतरी ठिकाणांहून हात हलवत परत आलोय, म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय.

आधी एक समजून घ्या की तिथे जीपीएस बिघडलेला नसतो, त्याची पोच तेवढीच आहे. मोकळ्या आकाशाखाली चांगला फोन साधारण 5 मीटरपर्यंत बरोबर सांगतो. ज्याने डबी लपवली त्याच्या फोनचीही तेवढीच चूक असू शकते, म्हणजे दोन्ही मिळून 10 मीटर धरा. 10 मीटर त्रिज्येचं वर्तुळ म्हणजे जवळपास 3 गुंठे जागा, आणि त्यात आपण कधीकधी बोटाच्या पेराएवढी वस्तू शोधत असतो. मे 2000च्या आधी तर अमेरिका सर्वसामान्यांसाठीचा सिग्नल मुद्दाम बिघडवून सोडायची, चूक 100 मीटरपर्यंत जायची, म्हणजे पावणेआठ एकर शोधत बसा. ते बंद झालं आणि लगेच 3 मे 2000ला डेव्ह अल्मर यांनी ओरेगॉनमध्ये एक बादली अर्धवट पुरून तिचे कोऑर्डिनेट्स, म्हणजे अक्षांश-रेखांश, इंटरनेटवर टाकले, खेळ तिथून सुरू झाला.

निघायच्या आधी घरीच पाच मिनिटं ॲपमधलं कॅशचं पान नीट वाचा. साइज बघा, कारण मायक्रो म्हणजे कॅमेऱ्याच्या रोलची डबी आणि रेग्युलर म्हणजे चांगला जेवणाचा डबा, दोन्ही शोधायची नजर वेगळी लागते. डिफिकल्टी आणि टेरेन 1 ते 5 मध्ये असतात, पहिला आकडा शोधायला किती अवघड आणि दुसरा तिथे पोचायला किती अवघड, लोक हे उलटं समजतात आणि लहान पोरांना घेऊन टेरेन 4 चढायला जातात. मग शेवटचे चार-पाच लॉग, म्हणजे आधी येऊन गेलेल्यांच्या नोंदी वाचा, ओळीने तीन डीएनएफ, म्हणजे 'सापडली नाही' असे दिसले तर डबी बहुतेक गेलेली आहे, नवीन माणसाने अशी कॅश सोडून द्यावी. हिंट सांकेतिक असते, प्रत्येक इंग्रजी अक्षर 13 घरं सरकवलेलं, ॲप एका टॅपमध्ये उलगडून देतं.

कोऑर्डिनेट्स हाताने टाकणार असाल तर फॉरमॅटकडे डोळ्यात तेल घालून बघा. जिओकॅशिंगमध्ये अंश आणि दशांश मिनिटं वापरतात. 18 अंश 30.500 मिनिटं म्हणजे दशांशात 18.50833, पण घाईत कोणी 18.305 टाकलं की तुम्ही 22 किलोमीटर दक्षिणेला. काही कॅशचे कोऑर्डिनेट्स कोडं सोडवून काढावे लागतात, ते बरोबर काढलेली माणसंही इथे फसलेली मी पाहिली आहेत.

सामान फार लागत नाही. ॲन्ड्रॉइडवर मी सीजिओ हे ॲप वापरतो, मोफत आहे आणि नकाशा आधी उतरवून ठेवता येतो, जंगलात रेंज नसते म्हणून हे करायचंच. पावसात ओल्या बोटांना टचस्क्रीन दाद देत नाही, त्यासाठी गार्मिन ईट्रेक्स हा बटणांचा, हातात धरायचा जीपीएस बरा, दोन पेन्सिल सेलवर चालतो. बाकी पॉवरबँक, टॉर्च, चिमटा आणि पेन, शिवाय एक शिसपेन्सिल, कारण दमट कागदावर बॉलपेन उमटत नाही.

आता मुख्य गोष्ट. 20-30 मीटर राहिले की थेट सुईच्या मागे पळू नका. थांबा, फोनचं कव्हर चुंबकाचं असेल तर काढा, फोन हवेत इंग्रजी आठच्या आकड्यासारखा फिरवून कंपास नीट करा. मग एका बाजूने सरळ चालत या आणि सुई कुठे बोट दाखवतेय ते लक्षात ठेवा, परत मागे जाऊन दुसऱ्या बाजूने तसंच या. दोन्ही रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथून शोध सुरू करा. उंच कडा किंवा इमारत शेजारी असेल तर सिग्नल आपटून येतो आणि आकडा उड्या मारतो, तिथे जागेवर दोन मिनिटं थांबून आकडा स्थिर होऊ द्यावा. आणि यानंतर फोन खिशात टाका, मी अगदी मनापासून सांगतोय, खिशात.

हे मला इथल्या एका स्टामटिशमध्ये, म्हणजे कॅशर लोकांच्या महिन्याच्या बैठकीत भेटलेल्या साठीच्या बाईंनी शिकवलं. शोनबुखच्या जंगलात बीचच्या झाडांखाली मी पाऊण तास पाचोळा उपसत होतो, त्या आल्या, हात खिशात घालून नुसत्या उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "लपवणाराही याच वाटेने आला होता. त्याने सॅक कुठे ठेवली असेल?" वाटेपासून चार पावलांवर एक सपाट ओंडका होता. त्याच्यावर बसल्यावर बरोब्बर समोर, माझ्या खांद्याच्या उंचीवर, एका तुटक्या खोडाला ढोली, आणि ढोलीच्या तोंडावर सालीचा एक तुकडा आडवा लावलेला. झाडाची साल अशी आडवी नसते. मी सगळा वेळ खाली बघत होतो.

तेव्हापासून मी जे आपोआप झालेलं नाही ते बघतो. एका मापाच्या काटक्या शेजारी-शेजारी रचलेल्या दिसल्या की जर्मन कॅशर त्याला हाझेनग्रिल म्हणतात, म्हणजे सशाची शेगडी, आणि खाली डबी असते. शहरात रेलिंगच्या आतली बाजू, बाकाच्या फळीखाली, खांबाला एक नट जास्त असेल तर तो नट, चुंबकी नॅनो, म्हणजे सगळ्यात छोटी डबी, बहुतेक अशाच जागी असते. मात्र काही उचकटायचं किंवा खणायचं नाही, विजेच्या डब्यांना हात लावायचा नाही, कॅश कधीच त्या लायकीची नसते. दगड उचलायचा असेल तर पलीकडची कड धरून आपल्याकडे कलवा, म्हणजे खाली विंचू किंवा साप असलाच तर तो पलीकडे निघून जातो आणि दगड मधे ढालीसारखा राहतो. बिळात आधी टॉर्च, मग काठी, हात सगळ्यात शेवटी.

सापडली की उघडण्याआधी ती कशी ठेवली होती त्याचा एक फोटो काढा, परत तशीच ठेवायला उपयोगी पडतो. नॅनोमधली कागदाची पट्टी चिमट्याने काढा, सही-तारीख करून घट्ट गुंडाळा, सैल गुंडाळली तर झाकणाच्या आट्यात अडकून फाटते. झाकणाचं रबर जागेवर आहे ना ते बघा, ते निसटलं की एका पावसात सह्यांच्या कागदाचा लगदा होतो. डब्यात खाऊ कधीच ठेवू नका, जनावरं वासावर येतात. ट्रॅव्हल बग, म्हणजे एका कॅशमधून दुसऱ्या कॅशमध्ये फिरणारी कोड असलेली वस्तू, उचललात तर तो पुढच्या कॅशमध्ये टाकायची जबाबदारी तुमची, आणि त्याच्यावरचा कोड फोटोत दिसू देऊ नका.

स्टामटिशला सगळ्यात जास्त वाद लॉगवरूनच होतात. माझं मत स्पष्ट आहे, सही केली नसेल तर सापडली म्हणू नका, आणि नाही सापडली तर लाजू नका, डीएनएफ टाका, ओनरला, म्हणजे डबी लपवणाऱ्याला, ती गेल्याचं त्यातूनच कळतं. सापडत नाही म्हणून स्वतःची नवीन डबी टाकून 'सापडली' लिहिणं हा चक्क खोटेपणा आहे. आणि फक्त 'टीएफटीसी', म्हणजे 'थँक्स फॉर द कॅश' लिहून मोकळं होऊ नका, कुणीतरी दिवसभर खपून डबी बनवलेली असते, दोन ओळी तरी लिहा.

आता भारतात सुट्टीला जाणाऱ्यांसाठी. गावी जाऊन गडावर डबी लपवावी असं प्रत्येकालाच वाटतं, मलाही वाटलं होतं, पण नका करू. संरक्षित गडावर असं काही ठेवणं योग्य नाही, गर्दीच्या जागी बेवारस डबा दिसला तर लोक घाबरतात आणि त्यांचं बरोबर आहे, आणि देखभाल करायला जवळ कोणी नसेल तर खेळाच्या नियमांतही ती कॅश बसत नाही. उपग्रहावरून मेसेज पाठवणारं यंत्र परवान्याशिवाय भारतात नेऊ नका, फोन पुरे. त्यापेक्षा अर्थकॅशचा विचार करा, त्यात डबी नसतेच, जागेवर जाऊन भूगर्भाबद्दलच्या प्रश्नांची उत्तरं शोधायची असतात. जागेच्या मालकाची परवानगी मात्र घ्यावी लागते, आणि ओनर म्हणून लोकांची उत्तरं वाचून कळवायची असतात, ते परदेशातूनही जमतं. पारनेर तालुक्यात निघोजला कुकडीच्या पात्रातले रांजणखळगे बघा, उन्हाळ्यात पाणी उतरल्यावर जा, एखाद्या कोरड्या रांजणात वाकून तळाशी पडलेले गोटे बघा आणि पोरांना विचारा, हे गोटे एवढे गुळगुळीत का आणि खडकाला एवढा गोल खड्डा पाडला कुणी?